डॉक्टरीण आणि पांढरे मुकादम

डॉक्टरीण हे नाव तिला गेटवरच्या वॉचमनने दिलं, तेही खवचटपणे. पाठीवर पंप, तोंडाला फडकं आणि खांद्यावर शिडी असा अवतार करून ती सोसायटीच्या गेटातून आत शिरली, तेव्हा तो म्हणाला, "आल्या डॉक्टरीणबाई. आज कोणाचा नंबर?" दुसरी कोणी असती तर तिने त्याला तिथेच दोन शब्द सुनावले असते. हिने ते नाव उचललं आणि अंगाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून सोसायटीने झाडांच्या कामासाठी तिला दिलेल्या पत्र्याच्या शेडचा दवाखाना झाला, झाडं पेशंट झाली आणि फांदी कापायची असली की ऑपरेशन. वॉचमनला वाटत राहिलं आपण टोमणा मारला. आपल्या हातून पदवीदान झालं हे त्या बिचाऱ्याला कळलंच नाही.

आता हसायचं तर आपण हसू. बाईमध्ये हसण्यासारखं भरपूर होतं. पण सोसायटीतल्या लोकांनी हसावं, इतकं काही त्यांचं कर्तृत्व नव्हतं. त्यांनी काय केलं होतं बघा. चपलेला माती लागते म्हणून झाडांच्या बुंध्याला चिकटून फरशी बसवली. मुळांनी फरशी उचलली की मग झाडांना शिव्या. खोडात खिळे ठोकून 'झाडे जगवा' अशी पाटी लावली. भिंतीचा उरलेला रंग, जिना पुसलेलं पाणी, काय नको असेल ते सगळं मुळाशी. आणि झाडाने एक पान गाळलं की ऑफिसात तक्रार. सावली पाहिजे, पण पान नको. पक्षी पाहिजेत, पण शी न करणारे पाहिजेत.

डॉक्टरीण मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायची. नवरा नर्सरीत कामाला होता. त्याच्या मागोमाग ती कुंड्या उचलायला गेली आणि तो गेल्यावरही तिथेच राहिली. झाडांचं जे काही शिकली ते तिथे. शिकली म्हणजे काय, तर नर्सरीच्या मालकाचा एकच मंत्र होता. पांढरं दिसलं की फवारा, काळं दिसलं की धुवा, पिवळं दिसलं की गिऱ्हाईकाला लवकर विका. यातली पहिली दोन तिने डोक्यात पक्की बसवली. तिसरं तिला जमलं नाही, म्हणून तर ती नर्सरीतून बाहेर पडली.

तिची लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिने कधीतरी आईला एक चांगलं जाड भिंग आणून दिलं आणि तिथून आई हाताबाहेर गेली. कोणाकडे गेली की पाणी प्यायच्या आधी कुंडीतलं पान उलटं करून बघायची. लेकीसाठी एक स्थळ आलं होतं, बरं होतं. ही मुलाच्या घरी गेली, दारातच थबकली, भिंग काढलं, आणि मुलाच्या आईसमोर म्हणाली, "तुमच्या झाडाला लाल कोळी लागलाय. पानं खरवडल्यासारखी झालीत. कोणाचं लक्ष नसतं का इकडे?" स्थळ तिथेच आटोपलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "दारातली कुंडी ज्यांना दिसत नाही, त्यांना सून काय दिसणार." लेकीलाही तो मुलगा आवडला नव्हता, पण ते सांगून आईला आणखी चढवायची तिची तयारी नव्हती.

घरात आणखी एक माणूस होतं, म्हणजे एके काळी होतं. तिचा धाकटा दीर. नवरा गेल्यावर सुरुवातीला दोघं मिळून झाडांची कामं घ्यायचे. ती फवारायची आणि तो शिडी धरायचा. शिडी धरता धरता तो झोपायचा. एकदा तर ती वर आणि शिडी एकटीच उभी, भाऊजी बाजूच्या बाकावर. तेव्हापासून तिने त्याला वेगळा काढला. पुढे त्याला पाण्याच्या टाकीजवळच्या बागेत माळ्याचं काम मिळालं. तिथे जास्वंदीची लांबच लांब कुंपणाची रांग होती आणि त्या रांगेत पांढरी कीड. ती एकदा जाता जाता आत शिरली आणि चारचौघांत म्हणाली, "भाऊजी, किडे पाळलेत का तुम्ही? फवारा मारा." तो म्हणाला, "मारतो." त्याने मारला नाही. तिने गल्लीभर सांगितलं की तो आळशी आहे. त्याने ते कधी नाकारलं नाही, कारण नाकारायला उठावं लागलं असतं. झालं, बोलणं बंद.

आता मुख्य गोष्ट. सोसायटीच्या मधोमध एक फायकस होता, वडाच्या जातीचा. असा पसरलेला की दुपारी निम्मं पार्किंग त्याच्या सावलीत. त्याच्या बरोब्बर खाली, सगळ्यात दाट सावलीत, सेक्रेटरीची पांढरी गाडी. ती जागा कोणाच्या नावावर नव्हती, पण तिथे दुसऱ्याची गाडी लागलेली कोणी पाहिली नव्हती.

एक दिवस त्या गाडीवर बारीक बारीक चिकट थेंब दिसले. मग सगळ्या टपावर. त्यावर धूळ बसली, धुळीवर काळं चढलं. झाडाची पानंही काळी पडली, चुलीवर धरल्यासारखी. सोसायटीत लगेच तज्ज्ञ उगवले. एक म्हणाला, प्रदूषण. एक म्हणाला, झाडाचं वय झालं. एकाने फोनवर व्हिडिओ बघून मुळाशी थंड पेयाच्या बाटल्या ओतल्या आणि मुंग्यांची चंगळ केली. सेक्रेटरीच्या मेव्हण्याने लांबून बघून सांगितलं, "कॅन्सर आहे." सेक्रेटरीला तेच पटलं, कारण कॅन्सर म्हटलं की कापणं आलं.

डॉक्टरीण शिडी लावून वर चढली, भिंगातून बघितलं आणि खाली न उतरताच भाषण सुरू केलं. "कॅन्सर नाही, काही नाही. पिठ्या ढेकूण आहे. हे बघा, फांदीच्या बेचक्यात कापूस चिकटल्यासारखं. हा झाडाचा रस पितो आणि मागून गोड पाणी सोडतो. तो चिकटा. तुमच्या गाडीवर आहे तो तोच."

"म्हणजे माझ्या गाडीवर किड्यांनी..." सेक्रेटरीने वाक्य पुरं केलं नाही.

"तेच. आणि त्या गोडावर ही काळी बुरशी. ती पुसली की निघते. खरा घोळ मुंग्यांचा. त्या गोडासाठी या ढेकणाला सांभाळतात, दुसऱ्या कोणाला जवळ फिरकू देत नाहीत. आधी मुंग्या तोडायच्या."

इथपर्यंत बाई शंभर टक्के बरोबर होती, आणि तीच तर अडचण होती. थोडं बरोबर निघालं की तिला पुढचं सगळं आपोआप बरोबर वाटायचं.

तिने खोडाला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली, तिच्यावर गाडीचं ग्रीस थापलं. मुंग्यांचा रस्ता बंद. पण मुंग्या काय, त्यांनी दुसरा रस्ता शोधला. सेक्रेटरीने मुलीच्या लग्नात बाल्कनीपासून झाडापर्यंत शोभेच्या दिव्यांची माळ बांधली होती. मुलीला मूल झालं तरी माळ तिथेच. मुंग्या रांगेने त्या माळेवरून. डॉक्टरिणीने कात्री घेतली आणि माळ तोडली. विचारलं नाही कोणाला. डॉक्टर विचारतात का?

सेक्रेटरीने तातडीने कमिटी बोलावली. विषय एकच, झाड कापणे. परवानगीचा अर्ज त्याने आधीच देऊन ठेवला होता. डॉक्टरीण आत घुसली आणि म्हणाली, "पुढच्या मीटिंगपर्यंत थांबा. तोवर चिकटा थांबला नाही तर खुशाल कापा. आणि मी शेडची किल्ली टेबलावर ठेवून जाते. परत या गेटात पाय ठेवणार नाही."

"हे लिहून घ्या," सेक्रेटरी म्हणाला.

"लिहा. पेन देऊ का?"

घरी आल्यावर लेकीने कपाळाला हात लावला. "आई, तू सोडून दुसरं कोणी स्वतःच स्वतःच्या पोटावर पाय देतं का गं?"

"झाड बरं होणार आहे."

"झालं नाही तर?"

"तू तुझे चष्मे सांभाळ."

पट्टीने काम केलं. मुंग्या तुटल्या, चिकटा कमी झाला, सेक्रेटरीचा चेहरा उतरला. डॉक्टरीण सोसायटीत अशी फिरायची की जणू राउंडवर निघालीय. आणि एका सकाळी तिला फांद्यांवर नवीनच काहीतरी दिसलं. पांढरंच, पण मोठं. नेहमीच्या ढेकणाच्या दुप्पट. अंगाला मेणाच्या लांब लांब झालरी. आणि पळणारं.

तिने झाडावरची एक काडी तोडली, बारक्या ढेकणांनी भरलेली. मोठ्यांपैकी काही पकडले. सगळं काचेच्या बरणीत घातलं, वर फडकं बांधलं आणि घरी आणलं. लेकीने भिंगातून बघितलं.

"आई, हे वेगळं आहे."

"काय वेगळं? पांढरं आहे ना?"

"पांढरं आहे. पण हे पळतंय. ते बारके तर जागचे हलत नाहीत."

"गुन्हा केलाय म्हणून पळतंय."

"आणि ही झालर बघ केवढी."

"खाऊन खाऊन माजलंय. हा त्यांचा मुकादम. बारके राबतात, हा फिरून हिशेब घेतो."

"तुला किडा बघून मुकादम सुचतो?"

"मी नर्सरीत काम केलंय. मुकादम लांबून ओळखते मी." तिने बरणी ओट्यावर ठेवली. "मीटिंगमध्ये दाखवणार. म्हणजे त्यांना कळेल मी कशाशी लढले."

"ही बरणी घरात राहिली तर मी राहणार नाही."

म्हणून बरणी शेडमधल्या फळीवर गेली, खताच्या पिशव्यांमागे. आणि डॉक्टरिणीने पंप भरला. साबणाच्या पाण्याने भागलं असतं, पण मुकादमांसाठी तिने कडक औषध काढलं. शिडीवर उभी राहून फांदी न फांदी भिजवली. पांढरे मुकादम टपाटप खाली पडले. फरशीवर इतके की वॉचमनला झाडू मारावा लागला. "झालं," ती खाली उतरत म्हणाली. "म्होरके गेले. आता बाकीच्यांचं काय घेऊन बसलात."

बाकीच्यांचं काय, ते थोड्याच दिवसांत कळलं. चिकटा परत आला, आणि असा आला की सेक्रेटरीच्या गाडीचं दार उघडताना आवाज व्हायला लागला. बेचक्याबेचक्यांत कापूस. तिने परत फवारलं. त्या कापसाच्या आत बारके मजेत बसलेले. पिठासारख्या मेणाच्या थरातून औषध आत जातच नव्हतं. पट्टी होती, मुंग्या नव्हत्या, माळ नव्हती. तरी हे का? ती रोज शिडी लावायची, बघायची, उतरायची. लोकांनी विचारलं की "कोर्स चालू आहे" म्हणायची. घरी मात्र जेवताना घास हातात धरून बसायची. लेकीने हे पहिल्यांदाच बघितलं. आईने कधी कशाला "कळत नाही" म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. आताही म्हणाली नव्हती, पण घास तसाच होता.

मीटिंग झाडाखालीच ठेवली होती, सेक्रेटरीची आयडिया. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. ज्यांना अनुभव होता त्यांनी बसायच्या आधी पेपर घातला. बाकीचे नंतर उठताना खुर्ची घेऊनच उठले. परवानगी आली होती. करवतवाला हजर होता आणि टेप घेऊन खोडाचा घेर मोजत होता. त्याची टेप ग्रीसच्या पट्टीला चिकटली आणि तो डॉक्टरिणीकडे असं बघायला लागला की जणू तिने त्याच्यासाठीच ती लावली होती.

"बोला, डॉक्टरीणबाई," सेक्रेटरी म्हणाला. "पेशंट कसा आहे?"

तिचं भाषण पाठ होतं. कीड चिवट आहे, आणखी मुदत द्या, आणि शत्रू किती मोठा आहे ते बघा. इथे बरणी काढायची. लेक मागे स्कूटरला टेकून उभी होती. सुट्टी टाकून आली होती, पण तसं सांगितलं नव्हतं. तिने शेडमधून बरणी आणून आईच्या हातात दिली. डॉक्टरिणीने न बघताच फडकं सोडलं आणि बरणी उंच धरली. "हे बघा. हे मुकादम."

पहिल्या रांगेतली सेक्रेटरीची बायको, म्हणजे सेक्रेटरीणबाई, पुढे वाकली. "यात काळा किडा आहे हो."

"काळा नाही, पांढरा."

"अहो काळा. डोकं विटकरी. हा बघा, बाहेर आला."

चण्याच्या टरफलाएवढाही नसेल, एक गोल टणक किडा बरणीच्या काठावर चढला, पंख उघडून बघितले आणि सेक्रेटरीच्या बाहीवर जाऊन बसला. त्याच्या मागे आणखी एक. सेक्रेटरी उभा राहिला. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "मारायला ठेवलेत की पाळायला?" आणि सगळी मीटिंग हसली. करवतवालाही हसला, त्याला विषय माहीत नसताना.

डॉक्टरिणीने बरणी डोळ्यांसमोर धरली. मग खिशातून भिंग काढलं.

काडी स्वच्छ होती. चाटूनपुसून साफ. बारका ढेकूण औषधाला नव्हता. झालरवाल्यांच्या नुसत्या साली काचेला चिकटलेल्या, मागून फाटलेल्या, आणि त्यातून हे काळे बाहेर आलेले. हे काळे ढालकिडे तिला चांगले माहीत होते. नर्सरीत ते दिसले की तीच इतरांना सांगायची, याला मारू नका, हा कीड खातो, आपला माणूस आहे. मोठे झालेले ओळखत होती ती. त्यांचं लहानपण कधी बघितलं नव्हतं. शत्रूसारखाच पांढरा सदरा घालून शत्रूच्या घरात शिरतात आणि सगळ्यांना फस्त करतात ही लेकरं, आणि तिने शिडी लावून, कडक औषध वापरून, वरच्या फांदीपर्यंत एकेक टिपलं होतं. बारक्यांना अंगावर ओरखडा नाही. त्यांच्या मारेकऱ्यांचाच तिने सफाया करून दिला होता.

सेक्रेटरीणबाईही बरणीकडेच बघत होती. बाई मनाने वाईट नव्हती. "अय्या, काडी कशी साफ झालीय. तुमच्या औषधाने का?"

सगळ्यांच्या माना बरणीकडे वळल्या. सेक्रेटरीही बघायला लागला, कारण काडी खरंच साफ होती. नुसतं "हो" म्हणायचं होतं. त्या एका हो मध्ये मुदत होती, किल्ली होती, नाव होतं. लेकीने मागून आईची पाठ बघितली. खांदे वर गेले, म्हणजे बाई आता थाप मारणार. थाप मारायच्या आधी तिचे खांदे नेहमी वर जायचे.

मग खांदे खाली आले.

"औषधाने नाही," डॉक्टरीण म्हणाली. "बरणीत औषध घातलंच नव्हतं. यांनी खाल्लं. मी ज्यांना मुकादम म्हणत होते ना, ते हे. हे आपल्या बाजूचे होते. झाडावर मी यांनाच मारलं."

"कोणाला?"

"जे झाड बरं करत होते त्यांना."

सेक्रेटरीने छाती भरून श्वास घेतला. अशी संधी माणसाला आयुष्यात एकदाच येते. "म्हणजे डॉक्टरीणबाई, आमच्या झाडाचे खरे डॉक्टर तुम्ही मारलेत. आमच्याच पंपाने."

"पंप माझा आहे," ती म्हणाली. "बाकी बरोबर."

लोक खूप हसले. हसू द्या. त्यातल्या एकानेही जन्मात चारचौघांत "माझं चुकलं" म्हटलं नव्हतं, म्हणून त्यांना ते ऐकायला इतकी मजा आली. तिने कमरेची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. करवतवाल्याने ग्रीसमधून टेप सोडवून गुंडाळायला घेतली. सेक्रेटरी म्हणाला, "मग ठरलं. कोणाचा विरोध?"

"साहेब, एक विचारू?" डॉक्टरीण म्हणाली. "जाताजाता."

"विचारा."

"गाडी झाडाखालीच का लावता?"

"सावली असते म्हणून."

कोणीतरी खोकलं. सेक्रेटरीला आपण काय बोललो ते कळायला जरा वेळ लागला, आणि कळल्यावर त्याला राग आला. तो आणखी रागावायच्या आधी ती म्हणाली, "माझी शेड घ्या. वर पत्रा आहे, तीन बाजू बंद. पान पडणार नाही, चिकटा पडणार नाही, पक्षी पण नाही. सोसायटीत छपराखाली फक्त तुमचीच गाडी असेल. मी सामान उद्या काढते."

"आई," लेक मागून म्हणाली. ती शेड म्हणजे दवाखाना. फळ्या तिने स्वतः ठोकल्या होत्या, दारावर स्वतःच्या हाताने हिरवा रंग लावला होता. कोणी तिच्या शेडला शेड म्हटलेलं तिला चालायचं नाही, आणि आज तिनेच म्हटलं.

"तू गप."

सेक्रेटरीने शेडकडे बघितलं. मग गाडीकडे. मग लोकांकडे, कारण त्यांच्यापैकी कोणाचीही गाडी छपराखाली नव्हती. "झाडाबाबत," तो घसा साफ करून म्हणाला, "घाई करण्यात अर्थ नाही. निसर्ग आहे शेवटी. पुढच्या मीटिंगला बघू." आणि किल्ली उचलून खिशात घातली. कॅन्सर एका मिनिटात बरा झाला. इतका गुण आजवर कुठल्या औषधाने आला नसेल.

गेटात पाय न ठेवण्याचा शब्द झाड कापलं तर होता, आणि झाड उभं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी डॉक्टरिणीने पाइप लावून सगळं झाड नुसत्या पाण्याने धुतलं. मग परत धुतलं, तिचंच औषध उतरवायला. बरणीतले काळे तिने खोडावर सोडले. पण ते मूठभर, आणि झाड एवढं. आणखी कुठे असतील, हे तिला मीटिंगमध्येच कळलं होतं. फक्त तिथे जायला पाय उचलत नव्हते.

पाण्याच्या टाकीच्या बागेत भाऊजी बाकावर आडवा होता, तोंडावर पेपर.

"भाऊजी."

पेपर हलला नाही. "बाग बंद आहे."

"बागेतच उभी आहे मी."

पेपर खाली आला. "वहिनी? भांडायला आलात?"

"मागायला आले. तुमच्या जास्वंदीवर पांढरे आहेत ना अजून? पळणारे?"

तो उठून बसला. तिच्याकडे नीट बघितलं. "वहिनी, घरी सगळं बरं आहे ना? सोबत कोण आलंय?"

ती जास्वंदीपाशी गेली आणि भिंग लावलं. रांग हिरवीगार होती. कुठे कुठे जुन्या कापसाचे डाग, आणि उरलेल्या ढेकणांवर झालरवाले पळतायत. काळेही होते, जोडीजोडीने. तिने कधी बघितलं नव्हतं असं कुंपण, आणि यावर कधीच कोणी फवारा मारला नव्हता.

"मी तुम्हाला फवारा मारायला सांगितलं होतं. का नाही मारलात?" तिला वाटत होतं, काहीतरी कारण असेल, काहीतरी पाहिलं असेल त्याने.

"पंप जड असतो, वहिनी."

"तेवढंच?"

"आणि नळ लांब आहे."

तिला हसू आलं, आणि ते दाबायला तिने ब्रश काढला. "बरणी धरा."

"बसून धरली तर चालेल?"

"चालेल. झोपू नका फक्त."

ती ब्रशने एकेक उचलायला लागली, त्याने बाकावरूनच बरणी पुढे केली. "कोणते घ्यायचे हे कसं कळतं?"

"पळेल तो आपला. बसून राहील तो परका."

"मग मी परका झालो."

"तुम्ही मुळापासूनच आहात," ती म्हणाली, पण आवाजात जुना कडवटपणा नव्हता. "रविवारी जेवायला या. लेक बोलवतेय." लेकीने बोलावलं नव्हतं. तिला यातलं काही माहीतच नव्हतं.

झाडावर किडे सोडले आणि मग डॉक्टरिणीच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड इलाज सुरू झाला. काही न करणं. पंप घरी कॉटखाली ढकललेला. ती पालथ्या बादलीवर बसून वर बघायची आणि हात मांडीखाली दाबून ठेवायची, नाहीतर ते आपोआप नोझलसारखे वळायचे. मधेच लोकांना चुकवून बुंध्याभोवतीची फरशी उचकटली, तिथे माती आणि सुका पाला घातला. लोक विचारायचे, "काय डॉक्टरीणबाई, सध्या काय ट्रीटमेंट?"

"काही नाही."

"आणि फी?"

"तुमचं तोंड बंद ठेवा, तीच फी."

चिकटा हळूहळू थांबला. पानांवरचं काळं पापुद्र्यासारखं सुटून पडलं. मग शेंड्यांना नवी पानं आली, लकाकणारी, आणि सेक्रेटरी लोकांना सांगायला लागला की झाड कापायला आपला पहिल्यापासून विरोध होता. तो मीटिंगमधला ठरावच दाखवायचा: 'घाई करण्यात अर्थ नाही'.

पण एका दुपारी तो घामाघूम होऊन तिच्या बादलीपाशी आला. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाचं काय होतं ते त्याला गाडीत बसल्यावर कळलं होतं. सीटवर हात ठेवता येत नव्हता. डॅशबोर्ड फुगला होता.

"झाड आता बरं आहे ना? गाडी परत इथे लावतो म्हणतो मी."

"इथे पेशंटने पाय पसरलेत," तिने मातीकडे बोट दाखवलं. "फरशी नाही आता."

"मग तुमची शेड तुम्ही परत घ्या की. मी कोणाला अडवलंय?"

"गाडीला बरं वाटत नाहीये का?" ती म्हणाली. "भिंग आणू?"

तो काही बोलायच्या आधीच वरून त्याच्या खांद्यावर काहीतरी पडलं. पांढरं, झालरवालं, आणि पळायला लागलं कॉलरकडे. डॉक्टरिणीचा हात सवयीने झपकन उठला, आणि मधेच थांबला. मग तिने बोट हळूच पुढे केलं, त्याला बोटावर चढू दिलं आणि खोडावर सोडलं.

"हलू नका, साहेब," ती म्हणाली. "अजून एक आहे."